डोक्याचा मार आणि दुधाचं कॅलेंडर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मी पेपर मागच्या पानापासून वाचतो. परवा असाच वाचताना एका शालेय सामन्याच्या बातमीत एक वाक्य दिसलं. बचावफळीतल्या पोराच्या डोक्याला मार बसला, तरी त्याने मैदान सोडलं नाही, जिगरबाज खेळ केला. बातमी लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. मागच्या वर्षी गॅलरीत बसून मी स्वतः माझ्या पोराला "ऊठ, काय झालं न्हाई" म्हणून ओरडलोय. त्या ओरडण्याचा पुढचा हिशेब आमच्या घरी दुधाच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे. तो कळवायला हे पत्र.

माझं उद्यमनगरात दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तरुणपणी मी पेठेच्या ब संघात स्टॉपर होतो, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. तेव्हाचा चामडी बॉल भिजला की असा जड व्हायचा, की हेड मारल्यावर दातांपर्यंत कळ जायची. दोनदा अंधारी आल्याचं आठवतं. कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. पोरगा नववीत, माझ्याच जागेवर खेळतो. याचं कौतुक घरात कुणाला जास्त होतं ते सांगायला नको.

डिसेंबरातला रविवार होता. सामना कुठला, मैदान कुठलं, ते मुद्दाम घालत नाही; जे झालं त्यात माझाही वाटा होता. कॉर्नर आला, दोन पोरं एकदम वर गेली आणि नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. मी सहाव्या पायरीवर होतो, तिथपर्यंत आला. पोरगा पडला, पंधरा-वीस सेकंदांत उठून बसला, मग उभा राहिला. बेशुद्ध वगैरे काही नाही. डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी झाली, कुणीतरी दोन बोटं नाचवून "किती?" विचारलं, तो "दोन" म्हणाला. गॅलरीनं टाळ्या वाजवल्या, त्यात माझ्याही होत्या. पुढची वीस मिनिटं तो खेळला. त्यात एक थ्रो-इन त्यानं थेट समोरच्या संघाच्या पायात दिला, आणि एका कॉर्नरला आपली जागा सोडून रस्ता चुकल्यासारखा मधेच उभा राहिला. लोक हसले. "डोळं उघड की रं!" कुणीतरी ओरडलं.

येताना गाडीवर मागं बसून त्यानं विचारलं, "पप्पा, किती झाले?" म्हटलं दोन-एक, जिंकलो आपण. बिंदू चौक ओलांडायच्या आत परत तेच, "किती झाले?" घराच्या बोळात वळताना तिसऱ्यांदा. मला वाटलं, विजयाची गोडी परत परत ऐकायचीय लेकाला.

रविवारचं मटण होतं. दोन घास खाल्ले आणि ओकला. बायको म्हणाली, मैदानाबाहेरच्या गाडीवर काय काय खाता तुम्ही. आईनं मीठ-मोहरी उतरून टाकली. रात्री परत ओकला तेव्हा मात्र दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, हाड शाबूत, रिपोर्ट नॉर्मल. मी तिथूनच ग्रुपवर अंगठा टाकला. हा "नॉर्मल" शब्द पुढचे सहा आठवडे आम्हाला नडला.

नंतर ज्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. सीटीत दिसतं ते रक्त आणि तुटकं हाड. पोराला झालं ते कन्कशन. मेंदू कवटीत पाण्यात तरंगावा तसा असतो, झटक्यानं तो आत हिंदकळतो. पेशींची रसायनं इकडची तिकडं होतात, ती जागेवर आणायला जादा शक्ती लागते, आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा ढिला पडतो. हे काही फोटोत येत नाही. शुद्ध हरपणं तर दहातल्या एकालाही होत नाही म्हणे. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे आमच्या लेथसारखं. बेअरिंग गेलेली मशीन नुसती फिरवली की गार चालते, कुणालाही दाखवा, चांगली म्हणेल. जॉब लावून कट घेतला, म्हणजे खरं कापायचं काम दिलं, की आवाज देते. त्या म्हणाल्या, बरोबर, फक्त बेअरिंग बदलायचं नसतं, थांबलं तर आपोआप बसतं. बहुतेक मुलांचं चार आठवड्यांत बसतं, काहींना जास्त लागतात.

आता कॅलेंडर. आमच्याकडं स्वयंपाकघरात दाराआड असतं. बायको रोज दूध लिहिते, एक लिटर, दीड, खाडा. पहिल्या दवाखान्यात रोजचं लिहून ठेवा असं सांगितल्यावर तिनं वेगळी वही केली नाही, दुधाखालीच लिहायला लागली. पहिल्या आठवड्याच्या चौकटीत "डो. दु." (डोकेदुखी), "चक्कर", "उलटी", "ऊन नको". नळावर उभा राहिला तरी भिंत धरायचा. मिक्सर लावला की कानावर हात. हे सगळं अंगावर दिसणारं होतं, त्यामुळं सगळे हळहळत होते. शेजारची बाई शहाळं घेऊन आली.

सातव्या दिवशी लिहिलंय "बरा". आठव्यालाही "बरा". नवव्या दिवशी शाळेत गेला आणि अकराला परत. फळ्यावरचं वाचून वहीत उतरवायचं, परत वर बघायचं, परत खाली, त्यात डोकं ठणकायला लागलं. वर्गाचा गलका सोसेना. मधल्या सुट्टीची घंटा तर कवटीत वाजली म्हणाला. घरी पडून असला की काही नाही, पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोळे चोळायचा. म्हणजेच कट घेतला की आवाज. शाळेत एकानं विचारलं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग? उत्तर माझ्याकडंही नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की चाचणीचा कंटाळा आलाय.

तिसऱ्या आठवड्यात डोकेदुखी कमी झाली आणि वेगळंच सुरू झालं. मला हेच सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण इथंच घरं फसतात. सोळाव्या दिवशीच्या चौकटीत आहे: "१ ली. रात्री २ ला जागा." सतराव्या दिवशी संध्याकाळी त्याला कोपऱ्यावर कोथिंबिरीला पाठवलं. वीस मिनिटं झाली तरी येईना म्हणून मी खाली गेलो. भाजीवाल्या मावशीसमोर दहाची नोट हातात धरून उभा. मावशी म्हणते, "आवं, कवाधरनं उभारलाय, काय पायजे ते सांगंना." त्याला आठवतच नव्हतं. घरी आल्यावर आई सहज म्हणाली, "एवढंबी ध्यानात ऱ्हाईना व्हय रं बाळा?" आणि त्यानं ताट भिरकावलं. आजीवर आजवर आवाज चढवला नव्हता पोरानं. ताट फरशीवर गोल फिरत राहिलं, आणि तो कोपऱ्यात बसून लहानपणी रडायचा तसा हुंदके देत रडला. बायकोनं त्या दिवशी दूधही लिहिलं नाही. नुसतं "चिडला, रडला".

यावर प्रत्येकाचं एक मत. मोबाईलमुळं होतंय. वयच तसलं आहे. पोरीबिरीचं काही आहे का बघा. संघातली पोरं म्हणाली, नाटक करतंय, जागा गेली म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी बसलेल्या मारापर्यंत कुणाचं बोट जाईना, कारण मार तर "बरा" झाला होता, चौकटीत लिहिलंय की! आम्ही नवीन दुखणं समजून बसलो होतो. कॅलेंडर पुढं टाकल्यावर मॅडम म्हणाल्या, हे जुनंच आहे, कपडे बदलून आलंय. सुरुवातीला डोकेदुखी, गरगरणं, मळमळ पुढं असते. ती मागं सरकली की झोप, विसराळूपणा, चिडचिड, थकवा पुढं येतात. काहींना तर हे पहिल्या दिवशी औषधालाही नसतं.

त्यांनी बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलचा एक अभ्यास सांगितला, २०१४ मध्ये छापलेला. मार लागून तातडीच्या विभागात आलेल्या ११ ते २२ वर्षांच्या २३५ मुलामुलींना तीन महिने विचारत राहिले. आठवड्यानं ७७ टक्क्यांना काही ना काही त्रास होता, चार आठवड्यांनी ३२ टक्क्यांना, तीन महिन्यांनी १५ टक्क्यांना. येताना सगळ्यात जास्त तक्रार डोकेदुखीची. पण येताना नव्हत्या आणि नंतर उगवल्या अशा तक्रारींत झोप बिघडणं, वैतागणं, विसरणं आणि थकणं पुढं होतं. आमच्या कॅलेंडरची जानेवारीची बाजूच जणू. हे आकडे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. पोरगं बिघडलेलं नाही, दुखण्याच्या मधल्या टप्प्यात आहे.

एक चूक आमच्याकडून उलट्या बाजूनंही झाली. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला पडदे लावून अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, बोलायला कुणी नाही, खेळायला काही नाही. मॅडम रागावल्या. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, त्यात मोबाईल-टीव्ही कमीत कमी; नंतर मात्र हळूहळू चालायला लावायचं. त्रास थोडा वाढला आणि तासाभरात उतरला तर चालेल, भडकला तर थांबायचं. मग आम्ही संध्याकाळी रंकाळ्यावर. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत. शाळा आधी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण. एका बाईंनी आपण होऊन फळ्यावरचं लिहून घेण्यातून सूट दिली, नोट्सची झेरॉक्स दिली. त्यांचे उपकार.

खेळाचा नंबर त्यानंतर. जगभरातल्या तज्ज्ञांची यावर बैठक होते, शेवटची २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झाली. त्यांची सहा पायऱ्यांची शिडी आहे: रोजची साधी हालचाल, मग चालणं-सायकल, मग एकट्यानं धावणं-ड्रिल, मग धक्का न लागणारा अवघड सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनं पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. एका पायरीवर निदान एक दिवस, आणि वरच्या तीन पायऱ्या त्रास पूर्ण गेल्याशिवाय चढायच्याच नाहीत. आमचं पोरगं चौथ्या पायरीवरून दोनदा खाली आलं. सामना खेळला तो सातव्या आठवड्यात.

घाई का नाही, तर मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला अचानक सूज येते, ती जीव घेते. अमेरिकेत झॅकरी लिस्टेट नावाचा १३ वर्षांचा पोरगा २००६ मध्ये डोक्याला लागल्यावर थोडा वेळ बाहेर बसला, उत्तरार्धात परत उतरला आणि सामना संपताच कोसळला. वाचला, पण पुन्हा चालायला, बोलायला शिकण्यात वर्षं गेली. त्याच्या नावानं वॉशिंग्टन राज्यात २००९ मध्ये कायदा झाला: संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं आणि लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत तिथल्या सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे आले. आपल्याकडचं उदाहरण हवं तर क्रिकेटपटू रमण लांबा. फेब्रुवारी १९९८, ढाक्याचा क्लब सामना, शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता, चेंडू डोक्याला लागला. स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेला. तीन दिवसांनी वारला. त्याचा मार वेगळा, आत रक्तस्रावाचा; पण स्वतः चालत गेला म्हणजे ठीक आहे, हे मैदानावरचं निदान किती कामाचं ते यात कळतं.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी चढतच जाते, पोर उठवलं तरी नीट जागं होत नाही, बोलणं जड होतं, झटका येतो, हातापायातली ताकद जाते, मान दुखते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते, कानानाकातून पातळ पाणी येतं, यातलं काहीही झालं तर सरळ दवाखाना. सकाळ व्हायची वाट बघू नये.

आणि ती दोन बोटं नाचवणं बंद करा हो! त्याऐवजी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ का दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? मागचा सामना कुणाशी होता? जिंकलो का? माझ्या पोराला कुणी हे विचारलं असतं तर तिसऱ्यालाच अडकला असता. उत्तरं बरोबर आली म्हणूनही परत पाठवायचं नाही; मार बसला आणि शंका आली, की त्या दिवसापुरता खेळ संपला.

क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू पूर्ण खेळू शकतो. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन आला तो यामुळंच. फुटबॉलच्या नियमातही जुलै २०२४ पासून स्पर्धांना कन्कशनची जादा बदली ठेवायची मुभा आहे. ती ठेवली की "बदल्या संपल्या, खेळव त्यालाच" हे कारण उरत नाही. आपल्या पेठांत स्पर्धेसाठी काय उभं करता येत नाही? बक्षिसं, स्वागत कमानी, हलगी, फटाके. मग संयोजकांनी एक माणूस नेमावा, ज्याचा दोन्हींपैकी कुठल्याही संघाशी संबंध नाही आणि ज्यानं "बाहेर" म्हटलं की बाहेर. कोच नको, बाप तर अजिबात नको. निदान शालेय आणि सोळाखालच्या सामन्यांना तरी. आणि जाताना पालकाच्या हातात एक कागद, वरची लक्षणं लिहिलेला, खाली एक ओळ: पुढचे चार आठवडे झोप, राग आणि अभ्यास यांच्याकडं लक्ष ठेवा. आमच्या हातात तेवढी एक ओळ असती तर त्या ताटाच्या दिवशी मी पोरावर हात उगारला नसता. होय, उगारला होता. बायकोनं धरला.

हे तालमींनाही लागू आहे. मातीत डोकं आपटलेलं पोर दुसऱ्या दिवशी जोरात असतं, दहा दिवसांनी अंथरुणातून उठत नाही, आणि वस्ताद म्हणतो रग मेली. पोरींच्या संघांनाही लागू आहे, आता आपल्याकडं चांगल्या खेळतात त्या.

आपल्याकडून दोनच अपेक्षा. "मार लागूनही मैदान सोडले नाही" ही स्तुती मुलांच्या बातमीत तरी छापू नये; वाचून माझ्यासारखे बाप फुगतात. दुसरं, रोज सामन्यांच्या वेळा छापता तिथं हंगाम संपेपर्यंत चार ओळींची चौकट टाकावी. मजकूर मॅडम तपासून देतो म्हणाल्यात.

नाव छापू नये ही विनंती. पोरगं आता परत खेळतंय, आणि आपली पोरं टोपणनाव ठेवायला बसलेलीच असतात. डिसेंबर-जानेवारीची पानं बायकोनं फाडू दिलेली नाहीत. पुरावा म्हणून फोटो हवा असेल तर पाठवतो, फक्त दुधाचा हिशेब झाकून छापा. गवळ्याचे जानेवारीचे पैसे अजून मिटलेले नाहीत.

आपला,
एक पालक
मंगळवार पेठ, कोल्हापूर